दादाचं एस्सेल वर्ल्ड

सकाळी सात वाजता गावाकडून फोन आला की पोटात गोळा येतो. तुमचंही असंच होत असणार. शहरात एकट्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना घरचे फोन येतात ते रात्री, जेवणं झाल्यावर. 'जेवलीस काय, काय केलंतीस' एवढं विचारायला. सकाळी सातला येणारा फोन वेगळा असतो.

१ मार्च २०२५, शनिवार. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून एक फीचर पूर्ण केलं होतं आणि दुपारपर्यंत झोपायचा फुलप्रूफ प्लॅन होता. मोबाइलवर 'दादा'. मी ताडकन उठून बसले.

"पाडली गं," तो म्हणाला. आवाज पार बसलेला.

"काय? कोण पडलं? तात्या पडले?"

"तात्या कशाला पडतील! अंगणात दात घासायल्यात. किंगडा का पाडली, काल. व्हिडिओ धाडलाय, बघ."

मी त्याला काय बोलले ते इथे छापता येणार नाही. "नंतर बघतो," म्हणून फोन ठेवला. (हो, बघतो. आमच्या कोल्हापूरकडच्या मुली घरच्यांशी बोलताना 'आलो', 'गेलो', 'बघतो'च म्हणतात. पुण्याच्या ऑफिसात यावरून माझी इतकी चेष्टा झाली की आता मी दोन भाषा बोलते, एक कामाची आणि एक फोनवरची.) पण झोप गेलीच होती. चहा ठेवला आणि व्हिडिओ लावला. पहाटेचा उजेड, झाडांच्या वर निघालेली हिरवी उभी कमान, मग स्फोटांचे आवाज, आणि ती अख्खी कमान एका कुशीवर आडवी होते. दादाने खाली एकच शब्द लिहिला होता. 'संपलं.'

तर दादा. माझा चुलतभाऊ, वय ३७. राहणार मुरगूड, तालुका कागल. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. पासपोर्ट नाही, विमानात कधी बसलेला नाही. आणि या माणसाला अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधला एक रोलर कोस्टर पाडला म्हणून सकाळी उठून रडू येतं!

किंगडा का म्हणजे काय, हे मला दादाकडून निदान पन्नास वेळा ऐकून पाठ झालंय. २००५ मध्ये सुरू झाली. उंची १३९ मीटर, म्हणजे एकावर एक दोन कुतुबमिनार ठेवायला थोडं कमी. इतकी उंच कोस्टर तेव्हा जगात दुसरी नव्हती, आणि पाडेपर्यंत तो मान तिच्याकडेच होता. साडेतीन सेकंदांत ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेग, सरळ वर, टोकावरून पलीकडे आणि गिरकी घेत सरळ खाली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही. कधीकधी गाडी टोकापर्यंत पोहोचायचीच नाही, मागे घसरत यायची. त्याला रोलबॅक म्हणतात, आणि असा रोलबॅक नशिबी आलेली माणसं म्हणे तो मेडलसारखी मिरवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पार्कने जाहीर केलं की ती आता पुन्हा चालणार नाही, आणि २८ फेब्रुवारीला सुरुंग लावून आडवी केली.

हे वेड कुठून आलं? जाहिरातीतून. आपल्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात टीव्ही बघितलाय, त्यांना एस्सेल वर्ल्डची ती जाहिरात अजून चालीसकट आठवत असेल. गोराईच्या खाडीपलीकडे १९८९ मध्ये सुरू झालेलं हे पार्क आम्ही मुरगूडकरांनी बघितलं ते असं, पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यांत.

२००२ च्या डिसेंबरात दादाच्या नववीच्या वर्गाची सहल मुंबईला निघाली. राणीचा बाग, गेटवे, आणि एस्सेल वर्ल्ड. दादाने नाव दिलं. पण त्या वर्षी उसाचं बिल थकलं होतं. कारखान्याचं नाव कशाला सांगू, ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना 'बिल थकलं' एवढं पुरतं. तात्या म्हणाले, पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी दहावी! दहावीला कसली सहल?

पोरं गेली, आली आणि पुढचे सहा महिने दुसरं काही बोलली नाहीत. आता कुठलाही नॉर्मल मुलगा अशा वेळी रुसून बसेल. दादाने काय केलं, तर शंभर पानी वहीच्या बरोबर मधल्या जोडपानावर एस्सेल वर्ल्डचा नकाशा काढायला घेतला. रोज मधल्या सुट्टीत एकेका पोराला गाठून चौकशी. लाँचमधून उतरल्यावर किती चालायचं? झिपर डिपर डाव्या हाताला की उजव्या? हूला लूपची रांग कुठनं सुरू होते? थंडरवर बसल्यावर समोर काय दिसतं? दोघांची उत्तरं जुळली नाहीत की तिसऱ्याला विचारायचं, तोपर्यंत ती राइड पेन्सिलीने. तिघांचं जुळलं की वर पेन फिरवायचं. मी आज पत्रकार आहे, मास कॉममध्ये फी भरून डिग्री घेतली, पण सोर्स क्रॉसचेक करायला मी खरं तर तिथे शिकले. वय वर्षं पाच. माझं काम एवढंच होतं की स्वयंपाकघरातल्या पाटावर बसायचं आणि दादा ढकलेल तिकडे किंचाळत जायचं. "ही थंडर," तो सांगायचा. मग पाट गरगर फिरवून, "ही हूला लूप." खऱ्या राइड कशा होत्या हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

खरी राइड म्हणजे आमच्यासाठी उरुसातले पाळणे. दिवाळीनंतर कागलला गैबीचा उरूस भरतो. माझ्या लहानपणी तिथे चार पेट्यांचा लाकडी पाळणा असायचा, माणसं हातानं फिरवायची. मग तो गेला. आकाशपाळणा आला, डिझेल इंजिनवरचा. मग टोराटोरा, ब्रेकडान्स, ती मोठी नाव. दरवर्षी यंदा काय आलं आणि काय आलं नाही याची चर्चा आधी आठ दिवस आणि नंतर महिनाभर! 'यंदा नाव न्हाई आणली, गेल्या साली तिचं मधलं बेअरिंग गेलं हुतं,' असली माहिती दादाकडे असायची, कारण आयटीआयला असताना तो पाळणा उभा करणाऱ्या पोरांत जाऊन नटबोल्ट आवळत बसायचा. मजुरी नाही. फक्त पहिल्या टेस्ट फेरीला फुकट बसायचं.

मुरगूडात असे आणखी तिघे आहेत. एकाचं मोबाइलचं दुकान, एक शिक्षक, एक ट्रॅक्टर चालवतो. संध्याकाळी सर पिराजीराव तलावाच्या काठी बसतात आणि जगभरच्या रोलर कोस्टरवर भांडतात. बाजूने जाणाऱ्याला वाटावं की झेडपीची तिकिटं ठरतायत, इतकं तावातावानं. त्या मार्चमध्ये शिमग्याला घरी गेले होते तेव्हा मीही जाऊन बसले. विषय अर्थातच किंगडा का.

माझं मत, आणि बहुतेक तुमचंही असेल, की जुनं जपावं. मी त्यांना डिस्नेची गोष्ट सांगितली. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधली 'मिस्टर टोड' नावाची बेडकाची राइड बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा लोक टी-शर्ट छापून पार्कात जमले, निदर्शनं केली. डिस्नेने १९९८ मध्ये ती बंद केलीच. तिथे विनी द पू आला. पण आत भिंतीवर एक चित्र ठेवलंय, टोड घराची कागदपत्रं पू-च्या गोष्टीतल्या घुबडाला सोपवतोय असं! म्हटलं, बघा, निदान एवढी तरी लाज. आणि दिल्लीचं अप्पू घर? १९८४ मध्ये सुरू झालं, २००८ मध्ये बंद. जागा पाहिजे होती. तिथे कोण निदर्शनं करणार?

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बराबर हाय. पाडायची न्हवती. दुरुस्त करायची."

"कशी?" दादा.

"टॉप थ्रिलची केली की."

ही किंगडा काची थोरली बहीण, ओहायोमधली. २००३ ची. दोघींचं इंजिन एकाच जातीचं, हायड्रॉलिक. तेलाच्या दाबावर एक प्रचंड रहाट फिरतो, दोर ओढला जातो आणि गाडी गोफणीतल्या दगडासारखी सुटते. २०२१ मध्ये थोरलीच्या गाडीचा एक लोखंडी तुकडा निसटून रांगेतल्या एका बाईच्या डोक्यात लागला. ती बंद झाली. मग मालकांनी हायड्रॉलिक काढून चुंबकावरची मोटर बसवली, नवा मनोरा उभारला, नव्या गाड्या आणल्या आणि २०२४ च्या मेमध्ये टॉप थ्रिल टू म्हणून सुरू केली. आठवडाभरातच पुन्हा बंद! गाड्यांत दोष निघाला. नीट चालली ती २०२५ पासून.

मला वाटलं दादा म्हणेल, हो, तसंच करायला पाहिजे होतं. सकाळी सातला रडणारा माणूस तो. पण तो म्हणाला, "किती दिवस दुरुस्त करणार? लोखंडाला वय असतंय."

आणि मग तो फिटरसारखा बोलायला लागला. लोखंड वाकत नाही, तुटत नाही, पण प्रत्येक फेरीला एवढंसं ताणलं जातं आणि सैल होतं. लाख वेळा. मग एक दिवस केसाएवढी चीर पडते. डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्या कारखान्यात कास्टिंगवर लाल रंग लावतात, पुसून काढतात, वर पांढरी पावडर मारतात. चिरेत मुरलेला रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डाय पेनिट्रंट टेस्ट म्हणतात. मोठ्या पार्कांत हिवाळ्यात गाड्या पूर्ण खोलून अशा तपासण्या करतात. "त्यात परत हायड्रॉलिक. म्हणजे गळती आलीच. आमच्या प्रेसला महिन्याला सील बदलतोय आम्ही. हिला तर दोनशेच्या स्पीडनं माणसं फेकायचीत. पार्ट मिळंनात, बंदच जास्त असती, तर काढल्याली बरी."

"मग रडलास कशाला?"

"आता रडू बी न्हाई?"

शिक्षक हसले. विषय इमॅजिकावर गेला, म्हणजे जाणारच होता. खोपोलीजवळचं हे पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये त्याचे मालक बदलले. तिथली नायट्रो ही दादाची खरी, हाताला लागलेली कोस्टर. स्वित्झर्लंडच्या बॉलिगर आणि माबिलार्ड या कंपनीची. पायाखाली फळीच नाही, पाय मोकळे लोंबतात आणि तशात पाच वेळा उलटं व्हायचं. दादा २०१५ मध्ये मित्रांबरोबर गेला आणि दिवसभरात अकरा वेळा नायट्रोवर बसला. मित्रांनी बाकीच्या सगळ्या राइड केल्या, मिस्टर इंडिया, सालिमगढ, राजासॉरस. हा पठ्ठ्या आपला रांगेतच. नंतर जवळपास दरवर्षी वारी. पहिल्या गाडीत बसायचं, मग शेवटच्या गाडीत, मग डाव्या कडेला. शेवटच्या गाडीत उतारावर जास्त ओढ लागते, असं त्याचं म्हणणं. मी एकदाच बसले. मला फक्त ऊर्ध्वश्वास लागला.

एस्सेल वर्ल्ड मात्र राहूनच गेलं. आणि इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी त्या दिवशी तलावावर सांगितली नाही.

२०१९ मध्ये माझी पहिली नोकरी मुंबईत होती. दादा कंपनीच्या कामासाठी दोन दिवस मुंबईला आला. एक दिवस मोकळा. त्याने फोनवरच विचारलं होतं, "गोराईला जाऊया काय?" आणि मी, एकवीस-बावीस वर्षांची, नवीन गळ्यात आयकार्ड, मी म्हटलं, "अरे दादा, आता कोण जातं एस्सेल वर्ल्डला! आउटडेटेड झालंय. जंगलेल्या राइड. त्यापेक्षा तुला मस्त मॉल दाखवते." तो बरं म्हणाला. माझ्याशी वाद घालायची त्याला सवय नाही. मी त्याला मॉलमध्ये फिरवलं, दोघांत एक महागडी कॉफी पाजली. तो सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी बराच वेळ उभा राहून साखळीचा आवाज ऐकत होता. मला लाज वाटत होती, लोक बघतायत म्हणून.

मग कोविड आलं. त्यानंतरच्या काळात एस्सेल वर्ल्डच्या राइड थांबल्या त्या थांबल्याच. शेजारचं वॉटर किंगडम चालू राहिलं. बंद झाल्याची बातमी फिरायला लागल्यावर सगळ्यांनी आपापल्या शाळेच्या सहलीचे फोटो शेअर केले, मीही एक लेख लिहिला, 'आमच्या पिढीचं बालपण' वगैरे. छापूनही आला. दादाने वाचला आणि फोन केला. "छान लिहिलंयस," म्हणाला. बस. मी तरी कुठे गेले होते एस्सेल वर्ल्डला?

२०२५ च्या जूनमध्ये दादाची कंबर धरली. कारखान्यात वजन उचलताना नाही, घरी नळाखालची बादली उचलताना. एमआरआय केला. मणक्यातली गादी सरकलेली. ऑपरेशन टळलं, पण पट्टा, व्यायाम, आणि डॉक्टरांनी न करायच्या गोष्टींची यादी दिली. खाली वाकायचं नाही, बाइकवर खड्ड्यातून जायचं नाही. यादीत रोलर कोस्टर नव्हती, कारण कागल तालुक्यात कुठला डॉक्टर हे लिहील? दादानेच विचारलं. डॉक्टर आधी हसले आणि मग नाही म्हणाले. कायमचं.

मला हे वहिनीने सांगितलं. त्याने सांगितलं ते असं, "माझी बी डाय पेनिट्रंट झाली गं. लाल रेघ निघाली."

दिवाळीला घरी गेले तेव्हा उरुसाला आम्ही सगळे गेलो. दादा, वहिनी, मी आणि त्यांची पोरगी. ती चौथीत आहे. आकाशपाळणा आता एलईडीच्या माळांनी लखलखतो, गाणी वाजतात, खालच्या जत्रेतला माणूसही निळा-जांभळा दिसतो. पोरगीला आणि मला तिकिटं काढून देऊन दादा खाली उभा राहिला, पट्टा बांधून, दोन्ही हात कमरेवर. आमची पेटी वर गेली तशी मी खाली बघितलं. सगळे लोक वर दिव्यांकडे बघत होते. हा मधल्या आसाकडे कान करून उभा. उतरल्यावर म्हणाला, "बेअरिंग नवीन घातलंय. आवाज आला काय तुला? न्हाई ना? त्येच." मग पाळणेवाल्या पोराजवळ जाऊन काहीतरी बोलला. पोराने त्याला चहा पाजला. बाकी जत्रेत कोणाला कळणार होतं नवीन बेअरिंग?

घरी आल्यावर मी म्हटलं, दादा, ती वही आहे का रे अजून? मला बघायचीय. खरं तर मला माफी मागायची होती, आणि हातात काहीतरी असलं की ते सोपं जाईल असं वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, माळ्यावरनं कधीच काढली, हिच्या दप्तरात असती. पोरगीने वही आणून उघडली. मधलं जोडपान पार मऊ झालंय, घडीवर सेलोटेप. गोराईची खाडी निळ्या स्केचपेनने. लाँचचा धक्का. थंडर. हूला लूप. सगळं जागच्या जागी, तेवीस वर्षांपूर्वी तिघांनी मिळून जुळवलेलं.

फक्त झिपर डिपर नव्हती. तिथे कागद खोडरबराने घासून खरबरीत झाला होता आणि त्यावर वेगळंच काहीतरी उभं होतं, उंच, वेटोळ्यांचं, गुलाबी.

दादाने चष्मा लावून बघितलं. "हे काय केलंयस?"

"नवीन राइड घातलीय. ती जुनी झाली हुती."

"जुनी झाली म्हणून खोडायची? विचारायचं न्हाईस? ती पेनानं काढलेली हुती! तिघांनी सांगितलेली!" त्याचा आवाज चढला. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. मी तोंडावर हात धरला होता. लोखंडाला वय असतंय, हे मला कोणीतरी नुकतंच सांगितलं होतं.

पोरगी अजिबात घाबरली नाही. "त्यावर लहान पोरंच बसायची, तूच सांगिटलंयस. हिच्यावर सगळी बसत्यात."

दादा बराच वेळ गप्प बसला. झिपर डिपर होती तिथे अंगठा फिरवत राहिला. कागद अगदी पातळ झाला होता तिथे. मग कमरेला उशी लावून सरळ बसला, पोरगीच्या हातातली पेन्सिल घेतली.

"उंची किती धरलीयस हिची?"

"दोनशे फूट."

"आणि खांब दोनच? पडंल की."